घाबरलेला हात

समुद्रतळाशी इनास डिमेलोचं तळयान मासेमारीच्या तुटक्या जाळ्यात गुरफटलं, आणि देवखोलच्या किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात रुबीना परकारच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘खेळ आढळला. प्रवेश बंद.’

“खेळ? अहो, माणूस अडकलाय खाली!” रुबीना किंचाळली. इनास गाळाचा अभ्यासक. यान चालायचं ते किनाऱ्यावरून, तिच्या हातांनी.

संचालक दाभाडकर धावत आले. कर्मचारी कामाच्या वेळी संगणकावर खेळतात म्हणून संशोधन केंद्राच्या संगणकजाळ्यावर हा ‘द्वारपाल’ त्यांनीच बसवून घेतला होता; तो आज, यान खाली गेल्यावर, नुकताच सुरू झाला होता. तो घडवणारी शलाका गजभिये आधीच यंत्राला भिडली होती.

“द्वारपाल पडद्यावर काय चाललंय ते बघत नाही, सर,” ती म्हणाली. “खेळ रोज नवे येतात. तो बघतो हस्तलय. बोटं कळांवर कशी पडतात, कुठे थबकतात. खेळणारा हात वेगळा, काम करणारा वेगळा.”

“मग ही काम करतेय ना!”

“कामाचा हात कसा, हे त्याला नमुन्यांवरून शिकवलं. आणि नमुने घेताना तुम्ही प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे होतात.”

त्या आठवड्यात भल्याभल्यांनी एकेका बोटाने कळा शोधल्या होत्या. यंत्र बिचारं प्रामाणिक. ते शिकलं, अडखळतो तो कामाचा हात. निर्धास्त चालतो तो खेळाचा. आणि रुबीना तर लसूण सोलावा तितक्या सहज यान चालवायची.

“बंद कर तो.”

“बंद करायची कळ तुम्हीच काढायला लावलीत. रात्रपाळीवाले दाबतील म्हणून. मुळातून उपटायला तास जाईल.”

“इनासकडे तास नाही,” रुबीना म्हणाली.

“मग तू घाबर ना जरा!”

“घाबरलेच आहे, सर. पण कळांवर हात ठेवला की भीती पळते. त्याला मी काय करू?”

शलाकाचं लक्ष दाभाडकरांच्या हातांकडे गेलं. ते लटलटत होते.

“सर, तुम्ही बसा.”

“मला कुठे येतं?”

“म्हणूनच.”

ते बसले. द्वारपालाचा हिरवा दिवा लागला, प्रवेश उघडला. आता त्यांच्या खुर्चीमागे रुबीना उभी राहिली. “कात्री उघडा. डावीकडे. अहो हळू, कालवण नाही ढवळायचं!”

एकेक दोरी तुटली. यान सुटलं. वर यायला बोटींच्या नांगरसाखळ्यांतून वाट काढायची होती. पहिली साखळी चुकवली, दुसरी चुकवली. दाभाडकरांचा हात बसू लागला. तिसरीला तर ते चक्क हसले.

दिवा पिवळा झाला.

“सर, रमू नका!” शलाका ओरडली.

पण रमणं हुकमाने थांबत नाही. ते स्वतः महिनाभर तोच हुकूम सोडत होते.

रुबीना त्यांच्या कानाशी वाकली. “सर, इनासच्या टाकीतली हवा मघाशीच संपलीय. यानात कोंडलेली उरलीय, तेवढीच.”

हात थरथरले. दिवा हिरवा. यान साखळ्यांतून निसटून पृष्ठभागावर आलं. झाकण उघडलं, आणि ध्वनिक्षेपकातून इनासचे धापा टाकणारे श्वास कक्षभर ऐकू आले.

दाभाडकरांनी एका हाताने घाम पुसला. “घाबरवायला थाप मारलीस ना गं?”

रुबीनाने शेजारचा टाकीतल्या हवेचा मापक त्यांच्याकडे वळवला. काटा शून्यावर टेकला होता.

त्यांचा दुसरा हात अजून कळांवरच होता. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : ‘काम चालू आहे.’