काट्याची साक्ष

ड्रायव्हर दारातच उभा राहिला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"बाई, माझ्या बहिणीला पोलिसांनी धरून नेलंय," तो म्हणाला. "आणि तेही माझ्याच बोलण्यावरून."

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता लोक माणसांच्या भानगडी घेऊन त्यांच्याकडे येत. सोबतीला टिपणवही घेऊन धाकटे दीर असत. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. तपासात आपण बरोबरीचे भागीदार आहोत, असं भाऊजींना वाटे. वहिनी त्यांचा तो समज मोडत नसत.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हरची बहीण डोंगरावरच्या बंगल्यात एका म्हाताऱ्या कारखानदाराची सेवा करी. कारखाना इंजिनं दुरुस्त करण्याचा. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, दोन पुतणे होते, म्हणून सगळे त्याला काकाच म्हणत. परवा पहाटे काका जिन्याखाली मेलेले सापडले. गळ्याशी सदरा फाटला होता. कुणीतरी ओढाताण करून ढकललं होतं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: बहिणीकडे, थोरल्या पुतण्याकडे आणि धाकट्याकडे.

"बहीण मागच्या खोलीत झोपली होती. तिला काही ऐकू आलं नाही. पोलीस म्हणतात, घरात दुसरं कोण होतं?"

"आणि तुझं बोलणं कुठलं?"

"मी थोरल्या साहेबांच्या गाडीवर आहे. आदल्या संध्याकाळी मी टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी कुलपात लावली, किल्ली साहेबांच्या हातात दिली. सकाळी पेट्रोलचा काटा होता तिथंच होता. डोंगरावर जाऊन यायचं तर निम्मी टाकी जाते, बाई. फौजदारांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. साहेब सुटले, बहीण अडकली." त्यानं मान खाली घातली. "आईला काय तोंड दाखवू?"

"किलोमीटरचा आकडा?"

"तो कोण बघतं?"

"सकाळी वर गेलात तेव्हा गाडी कुणी चालवली?"

"साहेबांनीच. बहिणीचा फोन आला आणि निघालो. एरवी साहेब घाटात असे जातात, की बाजूच्या माणसानं जीव मुठीत धरावा. त्या दिवशी मात्र वरात निघाल्यासारखी गाडी. पुढे ट्रक, रस्ता मोकळा, तरी त्याच्यामागेच. मग साहेबांच्या बाईसाहेबांना माहेराहून आणायला मला पाठवलं. म्हणाले, सावकाश ये. जन्मात पहिल्यांदा म्हणाले. पण बाईसाहेब मागे रडत होत्या, मी दाबली गाडी. चढावर इंजिन असं वाजायला लागलं, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसं. पंपवाल्यानं काहीतरी भलतंच भरलं होतं. मेला लबाड."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, असेल, बघू."

"पेट्रोल कुठलं भरतोस?"

"प्रीमियम. टाकीच्या झाकणातच लिहिलंय तसं. मागे एकदा चुकून साधं भरलं, तर साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या पंपावर जाऊन भांडले ते वेगळंच."

वहिनींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "आज घरी जा. आईजवळ बस."

तपासाला निघताना भाऊजींनी गाडी ड्रायव्हरनं टाकी भरली होती त्या पंपावर घेतली. नवी कोरी गाडी, मागे टर्बो असं चकचकीत अक्षरांत लिहिलेलं.

"प्रीमियम भर रे," भाऊजी ऐटीत म्हणाले.

"झाकण उघडा आधी," वहिनी म्हणाल्या. "आत काय लिहिलंय?"

भाऊजींनी वाकून वाचलं. "साधं चालेल, असं."

"मग साधं घ्या. म्हशीला बदामाचा शिरा कशाला?"

"पण टर्बो आहे ना वहिनी."

"टर्बो म्हणजे इंजिनाच्या नरड्यात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. चढावर पाय दाबला की हवा जास्त, दाब जास्त. काही इंजिनांत तो दाब इतका चढतो, की साधं पेट्रोल नको तेव्हा भडकतं आणि खडखडाट होतो. पुन्हा पुन्हा झालं तर इंजिन फुटतं. प्रीमियम तो दाब सोसतं. तुमच्या गाडीला तेवढा दाबच नाही. हलक्या पायानं चालवली, तर त्या थोरल्याची गाडीसुद्धा साध्यावर मुकाट चालेल."

मग त्यांनी पंपाच्या मालकाला गाठलं. तेरवाच्या प्रीमियमबद्दल आणखी कुणाची तक्रार? एकाचीही नव्हती. त्याच दिवशी दुपारी पुरवठा खात्याची माणसं येऊन पेट्रोल तपासून गेली होती.

धाकटा पुतण्या कारखान्यात एका उघड्या इंजिनावर वाकला होता. हात कोपरापर्यंत काळे, डोळे लाल.

"मी इथंच होतो त्या रात्री. एकटा," तो म्हणाला. "साक्षीदार म्हणाल तर ही इंजिनं. ती बोलत नाहीत."

"गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या किल्ल्या इथंच टांगलेल्या असतात?" वहिनींनी भिंतीकडे बघत विचारलं.

"असतात. म्हणजे मी कुठलीही घेऊन जाऊ शकलो असतो. माहीत आहे मला."

"काकांशी भांडण होतं म्हणे तुमचं," भाऊजी मध्येच बोलले.

"रोजच. ते म्हणत स्क्रू असा फिरव, मी म्हणे तसा. असल्या भांडणावर माणूस जगतो, मरत नाही." त्यानं फडक्याला हात पुसले. "दादाला कारखाना विकायचा होता. काका म्हणाले, ज्याच्या हाताला ग्रीस त्याचाच कारखाना. या आठवड्यात ते माझ्या नावावर करणार होते. आता कुणाच्या का नावावर होईना. त्या ताईला सोडवा. तिनं काकांना पोटच्या पोरीसारखं सांभाळलं."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "हाच. किल्ल्या आहेत, वेळ आहे, भांडण आहे."

"आणि काका जगले असते तर कारखाना मिळणार होता," वहिनी म्हणाल्या. "सोन्याचं अंडं हाती येतंय तर कोंबडी कोण मारील?"

थोरला पुतण्या घरासमोर गाडीपाशीच भेटला. खिशातून मऊ फडकं काढून त्यानं काचेवरचा एक ठिपका पुसला. परवापासून गाडी जागची हलली नव्हती.

"त्या रात्री घरी एकटाच होतो. बायको माहेरी होती," तो म्हणाला. "काटा तर माझ्या ड्रायव्हरनंच पाहिलाय."

"गाडीची दुसरी किल्ली?"

"नाही. एकच आहे, उशाखाली असते."

"सकाळी फार सावकाश गेलात म्हणे."

"वडिलांच्या जागी होते ते. हात कापत होते माझे."

"खरंय. आणि गाडी कशी आहे?"

"गाडी? बरी आहे."

वहिनींनी नमस्कार केला आणि थेट फौजदारांकडे गेल्या. तिथून घाटाच्या पायथ्याला, ट्रकवाल्यांच्या पंपावर. भाऊजी रसवंतीच्या बाकावर बसून वाट बघत राहिले. त्यांना कशाचाच पत्ता लागत नव्हता, आणि विचारायची लाज वाटत होती.

दोन दिवसांनी सगळे थोरल्याच्या दिवाणखान्यात जमले. फौजदार दाराशी, धाकटा खिडकीशी, ड्रायव्हर भिंतीला पाठ टेकून.

"काटा खोटं बोलला नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण टाकी किती भरलीय, एवढंच काट्याला कळतं. कशानं भरलीय ते नाही. ड्रायव्हरनं प्रीमियम भरलं. ते चांगलं होतं, खात्यानं तपासलं होतं. तरी चढावर इंजिन खडखडलं. म्हणजे रात्रीतून टाकीतलं पेट्रोल बदललं होतं."

"पंपवाले चोर असतात," थोरला म्हणाला.

"मग त्याच्याशी भांडायला का नाही गेलात? एका साध्या टाकीपायी दोन दिवस ड्रायव्हरशी बोलला नाहीत तुम्ही. या वेळी इंजिन वाजतंय असं तो सांगतो, आणि तुम्ही म्हणता, असेल, बघू."

थोरला हातातल्या फडक्यानं मेजाची कड पुसू लागला.

"कुणीतरी रात्री डोंगरावर जाऊन आलं. निम्मी टाकी संपली. काटा वर नसेल तर सकाळी ड्रायव्हर ओळखणार. गावातले पंप रात्री बंद. उघडा फक्त पायथ्याचा, ट्रकवाल्यांचा. तिथं साधंच मिळतं. दुसरा इलाज नव्हता."

"दुसऱ्या कुणी गाडी नेली असेल."

"उशाखालून किल्ली काढून? बरं, तसंही धरू. पण मग टाकीत साधं आहे, हे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं." वहिनींचा आवाज मऊ झाला. "काका गेल्याची बातमी आली. एरवी वाऱ्यासारखे जाणारे तुम्ही ट्रकमागून रांगत गेलात. हात कापत होते, मान्य. पण ड्रायव्हरचे हात तर कापत नव्हते? त्याला का सांगितलंत सावकाश ये म्हणून? पाय दाबला की इंजिन बोलणार, हे तिथं एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्यानं साधं भरलं, त्याला."

भाऊजींना घाटातली ती वरात आत्ता कुठे दिसली. ड्रायव्हरनं सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहूनही घेतलं होतं.

"टाकीतला नमुना तपासून आलाय," फौजदार म्हणाले. "निम्मं प्रीमियम, निम्मं साधं. पायथ्याच्या पंपावरच्या माणसानं तुम्हाला ओळखलंय. म्हणतो, सांडलेला थेंबसुद्धा पुसून घेतलात."

थोरला खाली बसला. हातातलं फडकं त्यानं गुडघ्यावर ठेवलं आणि नीट घडी घातली.

"कारखाना विकू द्या, म्हणून विनवायला गेलो होतो," तो म्हणाला. "ते ऐकेनात. मी नुसता सदरा धरला. त्यांनी हिसडा दिला."

"आणि ती ताई चार दिवस कोठडीत बसलीय, दादा," धाकटा म्हणाला. "तिचं काय?"

थोरल्यानं फडक्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

संध्याकाळी भाऊजींनीच ड्रायव्हरच्या बहिणीला घरी पोचवायला गाडी काढली. ती वहिनींजवळ मागे बसली. ड्रायव्हर पुढे. बराच वेळ त्यानं मागे वळून पाहिलं नाही. चढ लागला. गाडी साध्या पेट्रोलवर मुकाट वर चालली होती.

"मीच सांगितलं, काटा भरलेला होता म्हणून," तो शेवटी काचेकडे बघत म्हणाला.

"होताच ना भरलेला?" बहीण म्हणाली.

"होता."

"मग खोटं कुठं बोललास तू?" तिनं हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. "आईला काय सांगितलंस?"

"तू कामावर आहेस म्हणून."

"हे मात्र खोटं बोललास," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.