सहा ते पावणेसात नळ बंद

वरच्या मजल्याची बेल वाजवली तेव्हा माझ्या हातात कॅमेऱ्याची ओली फिल्म होती. दार उघडणाऱ्याच्या केसांत शाम्पूचा फेस.

"आत्ता थंड नळ तुम्हीच सोडलात ना?"

"डोकं धुतोय. परवानगी लागते का?"

वर थंड पाणी सोडलं की खाली माझ्या नळाला एकदम कढत येतं. फिल्म धुताना नेमकं तेच झालं होतं. मी पट्टी उजेडात धरली. ओला थर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखा भेगाळला होता. त्या भेगांत कुठेतरी माझे बाबा होते... त्रेबोन गावाजवळच्या तळ्याचे राखणदार, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, शेवटच्या मासेकाढणीच्या दिवशी.

तो वरमला. "पुन्हा नाही काढता येणार?"

"तळं वर्षातून एकदाच रिकामं करतात. पुढच्या वर्षी तिथे दुसरा राखणदार असेल. त्याच दिवशीचा अजून एक रोल धुवायचा आहे, तेवढाच. परवा नाताळच्या जेवणाला बाबा येतील, तेव्हा फोटो द्यायचेत."

"मग टब वीस अंशांच्या पाण्याने भरून ठेवा. नळाची कटकटच नको."

"टबात कार्प आहे." नाताळच्या जेवणाचा हा मासा आमच्याकडे घरोघरी आधी टबात जिवंत ठेवतात.

"हां... माझ्याही." त्याने फेस पुसला. "म्हणून तर बेसिनवर डोकं धुतोय. मी रादिम."

"ब्लांका."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी होती: संध्याकाळी सहा ते पावणेसात कुणीही नळ सोडू नये. शिवाय तो आठही घरी जाऊन सांगून आला होता.

सहाला मी फिल्म गुंडाळलेल्या बंद डबीत औषध ओतलं, डबी फरशीवर दोनदा आपटली.

"काय फुटलं?" छताजवळच्या जाळीतून रादिमचा आवाज आला. आमच्या इमारतीत सगळ्या न्हाणीघरांचा हवेचा बोगदा एकच.

"बुडबुडे झाडले. चिकटून राहिले तर बाबांच्या तोंडावर काळे ठिपके येतील."

"अर्धं मिनिट झालं. हलवा आता."

"तुम्हाला घड्याळ लावायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जाळीपाशी उभं राहायला काहीतरी कारण..."

मी डबी हलवली, हवी त्यापेक्षा जरा जास्तच.

औषधं संपली, धुणं सुरू झालं. नळाखालचा पारा विसावर होता, तिथेच राहिला. सगळे पाइप गप्प.

"ब्लांका... दोन वर्षं जिन्यात दिसता. नमस्काराच्या पुढे माझी गाडी जात नाही. मला तुम्ही... म्हणजे, फार आवडता."

मी डबीतलं पाणी बदललं.

"उत्तर दे गं पोरी," तिसऱ्या मजल्यावरून वोट्रुबोवा आजी म्हणाल्या. "माझ्या केसांना रंग लागलाय. धुवायचाय."

"अजून सात मिनिटं, आजी."

"फिल्मला की त्याला?"

सात मिनिटांनी मी फिल्म टबावर टांगली. थर गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही.

"नळ सोडा," मी जाळीत म्हणाले. "आणि रादिम, तू खाली ये."

तो आला. कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढताना हसणारे बाबा त्याने वाकून, श्वास रोखून पाहिले. दोन्ही हात पाठीमागे.

"हात का लपवलेस?"

"ओली आहे ना. चुकून बोट लागलं तर..."

"फिल्मला लावू नकोस," मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला.