पावलांच्या सात फरश्या

पुण्याहून सुरजने बापाला, बलभीमला, व्हिडिओ धाडला. ‘घरच्या घरी सिमेंटची पावलं, फक्त अर्ध्या तासात.’ खाली लिहिलं होतं, ‘आबा, अंगणात करा. लक्ष्म्या येतील तेव्हा आईला बरं वाटेल.’ अर्धा तास म्हणणाऱ्या त्या व्हिडिओतल्या बाईच्या घरात आजारी माणूस नसावं. बलभीमचे दोन दिवस गेले.

एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी बायकोचं, दैवशालाचं, डावं अंग गेलं. त्याला आता तीन वर्षं झाली. जळकोटला हायवेपासून थोडं आत त्यांचं घर. दरवर्षी लक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, सणाला दैवशाला फाटकापासून पायरीपर्यंत रांगोळीची पावलं काढायची. आता तिला कूस बदलायलाही तोच लागायचा.

रंगाच्या बादल्यांची गोल झाकणं त्याने साचे म्हणून घेतली. आतून तेलाचा हात फिरवला, सिमेंट-वाळू कालवून ओतली. व्हिडिओतली बाई प्लास्टिकची पावलं दाबत होती, ती जळकोटात कुठं मिळणार? बलभीमने ओलं झाकण खाटेपाशी नेलं आणि दैवशालाचेच पाय धरून त्यात उमटवले. लगेच धुतले, पुसले, खोबरेल लावलं. असं सात वेळा.

“गार लागतंय का?”

“लागू द्या. लई दिसांनी पाय टेकले,” ती जड जिभेने म्हणाली.

फरश्या वाळल्या. पायरीपासून फाटकापर्यंत त्याने त्या ओळीने मुरमात बसवल्या. बोटं घराकडं, जशी आत येणाऱ्या लक्ष्मीची असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सिताबाई दूध घेऊन आल्या आणि पायरीशी थबकल्या.

“भावजी, ही पहिली उलटी बसली की वो. लक्ष्मी भाईर चाललीय.”

खरंच, पायरीजवळच्या फरशीची बोटं फाटकाकडं होती. आपलंच चुकलं असणार, थकल्या माणसाचं काय सांगावं. त्याने पहार घालून फरशी नीट केली.

तिसऱ्या दिवशी दोन फिरल्या होत्या. चौथ्या दिवशी तीन. त्याने तिन्ही सरळ केल्या, सातही फरश्यांच्या कडेनं सिमेंट भरलं आणि दिवसभर कुत्रं फिरकू दिलं नाही. पाचव्या सकाळी चार फरश्या बाहेर बघत होत्या. कडेच्या सिमेंटला साधी चीरही नव्हती.

एवढं सिमेंट फोडून चार फरश्या फिरवताना त्याची कंबर धरली. आत आला तर दैवशाला कण्हत होती. सकाळी हीच बाई चार चमचे पेज खाऊन शांत पडली होती.

“काय होतंय?”

“वढू नका वो मला,” ती म्हणाली. “दुखतंय.”

तिच्या खाटेवरून अंगण दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याने पहारीला हात लावला नाही. सहाव्या सकाळी पाच फिरल्या. दैवशालाचं कण्हणं थांबलं. कूस बदलताना ती त्याला लहान पोरीएवढी हलकी लागली.

सातव्या सकाळी सहा.

फाटकाजवळची एकच उरली होती. बलभीम तिच्यापाशी उकिडवा बसला. ती राहिली तर दैवशाला राहील, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षं तिचं हगणंमुतणं त्याने कपाळाला आठी न घालता काढलं होतं. पण तो दमला होता. तिचा कंटाळा आला होता. स्वतःशीही त्याने हे आजवर कबूल केलं नव्हतं, आणि आता त्याला लाज वाटली.

तरीही तो पहार घेऊन आला. कडेचं सिमेंट फोडलं.

शेवटची फरशी त्याने स्वतः फिरवली.

हात धुऊन आत गेला तेव्हा दैवशालाचा श्वास थांबलेला होता. तोंड दाराकडं, डोळे उघडे.

दुपारी सुरज पोचला. संध्याकाळी सगळं उरकून बापलेक घरी परतले. फाटकातून आत येताना सुरज खाली बघत थांबला.

“आबा, बाकीच्या सगळ्या उलट्या कशा बसवल्यात? ही फाटकाजवळची तेवढी नीट आहे.”

बलभीमने खाली पाहिलं. सहा फरश्यांची बोटं बाहेर होती. त्याने फिरवलेली सातवी तेवढी घराकडं तोंड करून होती. फिरवल्यावर त्याने कडेनं दाबलेला मुरूम जागचा हलला नव्हता.

सुरजने त्याला दंडाला धरून आत नेलं.

दुसऱ्या सकाळी सुरज उठायच्या आधी बलभीम दार उघडून पायरीवर आला. सहावीही घराकडं वळली होती.

त्याच्या आणि दैवशालाच्या मध्ये आता पाच फरश्या होत्या.