लाल बटणाआधीचा प्रश्न

कौस्तुभ तारकर्लीत आला तो बाबू तांडेलाचं घर शोधत. चुकून शर्मिलेच्या पडवीत शिरला आणि तिथेच रमला. पुण्याच्या कंपनीचं नवं व्हिडिओ कॉलचं ॲप लोकांना कितपत जमतं, ते बघायचं त्याचं काम. इथे घरोघरी कुणी ना कुणी बोटीवर नाहीतर मुंबईत, म्हणून हे गाव निवडलेलं.

"मनात येईल ते मोठ्याने बोलत कॉल लावायचा. मी फक्त बघणार. अडलात तरी मदत करायची नाही, असा नियम आहे."

"मदत नाय करूची, तर इलास कित्याक? माझ्या तोंडाकडे बघूक?"

कौस्तुभ लाजला… आणि खरंच तोंडाकडे बघत राहिला!

आवाज बंद करायला गेलेलं तिचं बोट शेजारच्या लाल बटणावर पडलं आणि कॉल तुटला. ती फणकारली, "जाणाऱ्याक एकदा तरी विचारूक व्हया, खरांच जातस काय म्हणान!"

पुण्याला परतल्यावरही तो रोज संध्याकाळी कॉल करायचा — चाचणीच्या निमित्ताने. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. कॉलच्या आधी शर्मिला वेणीत अबोली माळू लागली. धामापूरहून मागणी आली, तेव्हा तिने वडिलांना, दाजींना, हातापाया पडून थांबवलं.

"आयतवारापर्यंत थांबतंय गो," दाजी म्हणाले. "मगे माका लोकांका जबाब देवचो आसा."

शनिवारी कौस्तुभ खुशीत होता. "काम संपलं बघ! तुझी सूचना मंजूर झाली. आता कॉल तोडण्याआधी ॲप विचारतं, खरंच जाता का म्हणून."

"आणि आपला काय रे? माका… माका सांगूचा होता…"

ती अडली. तो नुसता बघत राहिला, पहिल्या दिवसासारखा.

"माका तू आवडतस," शेवटी तिनेच सांगून टाकलं.

त्याने नजर चुकवली. "शर्मिला… मी कामासाठीच कॉल करत होतो गं."

"रोज?"

"निघतो मी."

त्याचं बोट पुढे आलं. आता त्याच्यासमोर तिचाच प्रश्न उमटणार होता. पण पडदा लगेच काळा झाला. उत्तर द्यायला त्याला क्षणभरही लागला नाही.

तिने अबोली काढून ठेवली, तोंड धुतलं आणि पडवीत आली.

"बाबा, धामापुराक होय म्हणान कळवा."

दाजींचा चेहरा उजळला. खरांच काय गो, असं मात्र तिला कुणीच विचारलं नाही.