घोटा, गुडघा, कंबर

त्या दिवशी मला फक्त एका मुलाखतीला जायचं होतं. खाडीपलीकडच्या गावातली शाळा, गणिताच्या बाईंची जागा, बारा वाजता हजर. त्याआधीच्या तिन्ही मुलाखतींत मला एकच कारण सांगितलं होतं, मुलीचा आवाज पोचत नाही. आणि ते खरंच होतं. चार माणसं समोर बसली की माझा घसाच मिटतो. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी मी. या वेळीही नाही जमलं, तर जूनमध्ये श्रीवर्धनला मोठ्या काकूंकडे राहायला जायचं, हे घरात ठरलं होतं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, एवढंच.

मार्चचे दिवस, साल शहाण्णव. सकाळी मी आणि अब्बा सीबीडीला बसस्टॉपवर गेलो तर कळलं, पनवेलच्या रस्त्यावर टँकर उलटलाय, सगळं बंद. अब्बांनी स्कूटर सरळ खाडीकाठच्या दिवाळे गावाकडे वळवली. एपीएमसी मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा. दिवाळ्याचा गोटीराम त्यांना सुके बोंबील द्यायचा आणि बदल्यात कांदे न्यायचा. अशी त्यांची जुनी दोस्ती.

"टेन्शन घेऊ नकोस, बुशरा," अब्बा म्हणाले. "गोटीराम डोळे मिटून पलीकडे नेतो."

"डोले मिटून नाय हा सुलेमानशेठ," गोटीरामकाका होडीतूनच ओरडले. "पोरगी घाबरंल ना!"

वारा सकाळपासून सुटला होता. बांबूंवर वाळत टाकलेली मासळी फडफडत होती. बाकीच्या होड्यांना मशीन होतं, काकांच्या होडीला अजून शीडच. जाडं, ठिगळांचं, चहाच्या रंगाचं.

"तुम्ही मशीन का नाही लावलं?" मी बसता बसता विचारलं. भीती वाटली की मी काहीही विचारते.

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येत नाय," ते म्हणाले. मला ते साधंच उत्तर वाटलं.

अब्बा किनाऱ्यावरच राहिले. होडी सुटल्यावर काकांनी माझ्या हातात एक लांब बांबू दिला. त्यांचा पुतण्या रोज पुढे बसायचा, आज त्याच्या सासरी हळद होती. ओहोटी लागलेली, पाणी झपाट्यानं उतरत होतं. पुढे बसून ठाव घ्यायला माणूस हवा होता.

"मला नाही जमणार, काका."

"त्यात काय हाय? बांबू तलाला टेकव, वर काढ. वला कुठवर झाला ते उभं ऱ्हाऊन आपल्या अंगाला लावून बघ नि मोठ्यानं बोल. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गला. कंबर असंल तवर आपन चालनार. त्याच्या खाली गेलं का मी वलवनार. सुकानू सोडून मला पुढं येता येत नाय, बाय."

तर मी, बीएस्सी फर्स्ट क्लास, होडीच्या टोकाला गुडघे टेकून बांबू बुडवायला आणि उठून उभी राहत खाडीचं पाणी स्वतःच्या अंगानं मोजायला लागले.

"छाती," मी म्हणाले.

"कोनाला सांगतेस? माशाला?"

"छाती!"

"हां. असं."

दोन्हीकडून तिवरांची झाडं जवळ येत गेली. शीड टम्म फुगलं होतं. ओल्या चिखलाचा, सडक्या पानांचा वास नाकात बसला. पाणी उथळ होत चाललं होतं. बांबू वर काढला, ओली खूण बरोबर माझ्या कंबरेला आली. "कंबर!" मी ओरडले. काकांनी होडी सरळ ठेवली. आणि तळाखालून खर्रर्र असा आवाज आला, कुणी नखांनी लाकूड ओरबाडावं तसा. होडी अडली, कण्हली, मग वाऱ्याच्या एका झोतासरशी सुटली.

"कंबर बोल्लीस ना?"

"कंबरच होती! शपथ!"

काकांनी मला आपादमस्तक पाहिलं. मी चार फूट दहा इंच, टाचा उंचावल्या तर. ते हसायलाच लागले.

"माजीच चूक. भागीरथीची कंबर तुज्या छातीला लागंल. सगल्या दिवाळ्यात तिच्यायेवढी उंच बाई नव्हती. वर्सानुवर्सं तिचीच कंबर ऐकली, हात तिच्याच मापानं फिरतो. पुतन्या बी ताडमाड हाय, म्हनून ध्यानात नाय आलं."

"भागीरथी म्हणजे..."

"माजी बायको. तू बसलीस ना, थितंच बसायची."

"आता नाही येत त्या?"

काकांनी शिडाची दोरी हाताला गुंडाळली. "शिडाचा दांडा फिरला, तिच्या डोक्यात बसला. असाच वारा होता... पुढच्या वाकनावर."

मी खाली पाहिलं. ज्या फळीवर माझे गुडघे टेकले होते ती मधोमध गुळगुळीत झिजलेली होती. दोन खळगे. माझ्या गुडघ्यांपेक्षा बरेच मोठे.

वाकण आलं. वाऱ्यानं एकदम जोर धरला, ओढणी तोंडावर आली, होडी तिरकी होऊन धावायला लागली. मी बांबू टेकवला. छाती. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. मागून काका ओरडत होते, "बोल बाय! काय हाय? बोल!" मी पुन्हा बांबू टेकवला. छातीच. पुन्हा तोंड उघडलं...

तेव्हा मला मिश्रीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, करपट, अगदी गालाजवळ. आणि माझ्या पुढून, जिथे होडी संपून नुसतं पाणी होतं तिथून, एक घोगरा आवाज आला. न ओरडता मोठा. शांत.

"घोटा."

काकांनी तत्क्षणी सुकाणू फिरवलं. दांडा सणसणत डोक्यावरून गेला. मी धक्क्यानं फळीवर पालथी पडले होते, म्हणून वाचले. होडी काटकोनात वळली, आणि आमच्या उजव्या अंगाला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, गढूळ पाण्याखाली काळं काहीतरी दिसलं. बुडालेल्या मालवाहू बार्जच्या गंजक्या फासळ्या. टोकं वर, आणि त्यांच्यावर घोटाभर पाणी.

काकांनी शीड सैल सोडलं, ते फडफडायला लागलं.

"शाबास," काका हळूच म्हणाले. "निघाला आवाज."

"काका... मी नाही बोलले."

ते दचकले नाहीत. मी बघत होते. त्यांनी फक्त डोळे पुसले. वारा होताच म्हणा.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पुतन्या पुढं असला का ती कदी बोलत नाय. आज बोल्ली." मग थोड्या वेळानं, "आता तू बोल. तुज्या मापानं बोल. मी तुज्या मापानं ऐकतो."

मला रडू येत होतं, पण त्या फळीवर रडत बसायची लाज वाटली. शेजारी कुणीतरी कामाला लागलेलं असताना आपण हातावर हात धरून बसतो, तशी लाज. मी बांबू टेकवला.

"कंबर!" तिवरांतून बगळे उडाले. "छाती! छाती! गळा!"

किनारा येईपर्यंत मी ओरडत होते.

शाळेत पोचले तेव्हा पायांना चिखल, केसांचं घरटं. मुख्याध्यापिका वैशाली मॅडमनी मला थेट सातवीच्या वर्गात उभं केलं आणि त्या स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. खाडीचा वारा खिडक्या आपटत होता. मी खडू उचलला, काटकोन त्रिकोण काढला आणि बोलायला लागले. तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "आवाज अगदी भिंतीपर्यंत येतोय हो. सोमवारपासून या."

अब्बांनी सोसायटीत पेढे वाटले. श्रीवर्धनचा विषय कुणी काढला नाही.

आता मी दर सोमवारी काकांच्या होडीतून जाते आणि शनिवारी परत येते. बांबू माझ्याकडेच असतो. मी माप बोलले की काका क्षणभर थांबतात, मग सुकाणू वळवतात. मीही थांबते. सहसा काहीच ऐकू येत नाही. फक्त जोराचा वारा असला की फळीवर जरा सरकून बसते, जागा करून.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर मी आज दिवा मालवून झोपले असते.

पण परवा, श्रावणातली स्वच्छ दुपार. ऊन पडलं होतं, शाळा खाडीच्या बांधापासून चांगली लांब, तिथवर पाणी कधी येत नाही. मी हजेरी घेत होते आणि वारा एकदम पडला. वर्गात करपट वास आला. दाराकडून, सावकाश, कुणीतरी म्हणालं,

"घोटा."

मुली वह्यांत बघत होत्या. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

तरी मी सगळ्यांना दप्तरं बाकांवर ठेवायला सांगितली.