सातवी नोंद

केशोरीच्या बाजारात शामकला पडली, तेव्हा तिच्या नाकाशी जोडा धरायला चार माणसं धावली. मिरगी आली की जोडा हुंगवायचा, एवढीच अक्कल या मुलखानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. पाचव्या माणसानं मात्र तो जोडा लाथेनं उडवला, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा कोट सारला... आणि खिशातून घड्याळ काढून बघत बसला.

शुद्ध आली तेव्हा तिला आधी ते घड्याळ दिसलं. मग त्यामागचे डोळे.

"बाई मरून राहिली अन् तुमी घडी पाहून राहिले?"

"एक मिनिट चाळीस सेकंद," तो म्हणाला. "मरायला एवढा वेळ पुरत नाही."

"गाडी सुटून राहिली होती का तुमची?"

तो हसला. वरचा एक दात किंचित वाकडा होता. शामकलाला तो दात आवडला. त्याला काही इलाज नव्हता.

नंदलाल त्याचं नाव. नागपूरचा नवा डॉक्टर. साल एकोणीसशे अडतीस. मिरगी म्हणजे भूत नव्हे, मेंदूच्या एका कोपऱ्यातली वीज बिघडते आणि पसरत जाते, असं तो म्हणायचा. ती वीज कागदावर रेघांनी उमटवणारी मशीन विलायतेत निघाली होती. याच्याजवळ नुसतं घड्याळ आणि एक वही. तिच्या सात झटक्यांची पुरी नोंद त्याला हवी होती. त्यासाठी हिवाळाभर तो केशोरीतच राहिला.

शामकलाचा बाप उदाराम कोहळी. तलाव बांधणाऱ्यांचं घराणं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, दोघं बोलत बसायची आणि राखणीला आलेली आत्या जमुनाबाई बसल्याबसल्या घोरायची.

"सुरू कुठून होतं?"

"उजव्या अंगठ्यातून. मंग मनगट, मंग कोपर... मंग मले काईच मालूम नाही राहात." तिनं पाळीतलं खेकड्याचं बीळ दाखवलं. "तलाव एकदम नाही फुटत, डाक्टर. आधी असं बीळ पडते. तेवढं दाबलं त पाळ वाचते. माहा आजा त्या बिळावर टाच रोवून उभा राहे."

तो बघतच राहिला. जाड पुस्तकातली चाळीस पानं या पोरीनं टाचेखाली दाबली होती.

"खरं आहे," तो हळूच म्हणाला. "मनगट घट्ट आवळलं तर कधी कधी झटका तिथंच थांबतो."

"मंग आवळत काऊन नाही?"

"नोंद अपुरी राहील."

"वा. मी बुडून राहिली अन् तुमी काठावर मोजून राहिले. का हात धराले भेव वाटते?"

त्याचे कान लाल झाले. वहीत मान घालून तो काहीतरी खोडत बसला—खोडण्यासारखं काही नसताना.

सहा नोंदी झाल्या आणि उदारामनं लांबच्या गावची सोयरीक आणली, मिरगी लपवून. परजातीच्या डॉक्टरचं औषध घरात चालत होतं, जावई म्हणून तो चालत नव्हता.

"पाहुण्यांसमोर मिरगी आली त सोयरीक तुटन," शामकला पाळीवर म्हणाली. "साऱ्या मुलखाले मालूम झालं का मंग बाप तुमची जात पाहात नाही बसनार. त्या दिवशी घडीच पाहा. हात लावू नोका."

"झटका असा बोलावून येतो होय?"

"रातभर जागली का येते. तुमच्याच वहीत लिवलं हाये."

दोन रात्री ती झोपली नाही.

पाहुणे आले. छाप पडावी म्हणून उदारामनं डॉक्टरला मधोमध बसवलं. पानाचं तबक घेऊन शामकला आली... आणि अंगठा हलला. तिनं नंदलालकडे पाहिलं. एवढ्या खुशीत ती कधीच नव्हती. त्याच्या हातात घड्याळ होतं. अंगठा. मनगट. तबक वाजू लागलं.

पायऱ्यांशी पाहुण्यांचे जोडे ओळीनं पडले होते. नंदलालची नजर त्यांच्यावर गेली.

त्यानं घड्याळ खाली ठेवलं. "नाडी बघतो जरा," म्हणत उठला आणि दोन्ही हातांनी तिचं मनगट आवळलं. वर चढणारा झटका तिथंच थांबला. तबक पडलं नाही.

"पोरगी ठीक हाये ना, डाक्टर?" नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं.

"...ठीक आहे."

सोयरीक जुळली.

मागच्या दारी तिनं त्याला गाठलं. "काऊन थांबवलं?"

"ते जोडा उचलतील... तू तिथं पडलेली... मला बघवलं नाही, शामकला."

"सहा डाव बघवलं."

"तेव्हा मी डॉक्टर होतो."

तिला हसू आलं, रडूही. "तीन महिने म्हणून राहिली, हात धरा, हात धरा. धरला तो दुसऱ्याले देयाले."

त्यानं नुसती वही तिच्यापुढं उघडून धरली. दुसऱ्या दिवशी अर्जुनीच्या ठेसनावरून निघून गेला. त्या पानावर लिहिलं होतं : सातवा. अंगठा, मनगट. नऊ सेकंद. थांबवला.

भला माणूस. भल्या माणसांनी या देशातल्या किती पोरी अशाच बुडवल्यात.

वैशाखात लग्न झालं. सासरी पहिल्याच आठवड्यात, भर अंगणात, तिचा अंगठा हलला. मनगट आवळायला डावा हात मोकळा होता. तिनं तो मांडीवरच ठेवला. लपवायचं आता कोणासाठी? जोडा आणा, जोडा आणा, असा गलका झाला. पाळ फुटत होती आणि शामकला मोजत होती. नऊ सेकंदांपर्यंतचं त्याच्या वहीत होतं. पुढचं त्याला हवं होतं.

दहा... अकरा... बारा—