दोन शेर ज्वारी आणि शहाणं यंत्र

श्रावणातल्या उन्हात अचानक सर आली आणि रहाटणीच्या वाटेवरचा एक सायकलवाला धावत गिरणीच्या पत्र्याखाली शिरला, तेव्हा शालन इंजिनाला शिव्या घालत होती.

साध्यासुध्या नव्हेत, बापाच्या तोंडून ऐकून पाठ झालेल्या, ठेवणीतल्या. बापाचं, दौलतरावांचं मनगट त्याच इंजिनाच्या हँडलनं उलटा झटका देऊन मोडलं होतं. ते हाताला फळ्या बांधून ओसरीवर बसलेले, आणि गिरणी सारी शालनच्या अंगावर. एकुलती एक पोर, आई लहानपणीच गेलेली, शाळा तिसरीत सुटलेली. तोंड मात्र असं की गावातले बाप्ये दळण ठेवायचे आणि चार हात लांब उभे राहायचे.

हा नवा माणूस लांब उभा राहिला नाही.

"एकटीनं व्हायचं न्हाई ते," तो म्हणाला. "एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं वेळेवर वरची कळ सोडायची."

"आलं मोठं शाहणं! पावसाला भिऊन पळालं अन् इंजिन शिकवतंय."

"पावसाला न्हाई भ्यालो. वही भिजंल म्हणून आलो." त्यानं पिशवीतली वही कोरड्या फळीवर ठेवली आणि बाह्या दुमडल्या. "पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर हाय मी. सयाजी. कोरेगावकडचा. ...धरा कळ."

गावातलं कुणी शालनला 'धरा' म्हटलेलं नव्हतं. तिनं धरली.

जड चाक फिरलं... एकदा, दोनदा... "सोडा!" तिनं कळ सोडली आणि इंजिन खोकलं, थरथरलं, लागलं की धावायला! धुराड्यावरचा डबा टुकटुक नाचायला लागला. धुराचा लोट दोघांच्या तोंडावर आला. त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते, आणि ते सगळे दिसत होते.

"वहीत काय हाय?" तिनं इंजिनावर आवाज चढवून विचारलं.

"कथा. यंत्रांच्या."

शालन हसली ती पदर तोंडाला लावून. इतका मोठा बाप्या, आणि गोष्टी लिहितो!

चार दिवसांनी तो पुन्हा आला. हातात पिशवी, पिशवीत दोन शेर ज्वारी.

"दोन शेर? एवढ्यासाठी पट्टा चढवू?"

"एकटा जीव. किती लागणार?"

तिनं ज्वारी ओतली, पीठ पडायला लागलं. मग तोही बोलायला लागला. पुढं शंभर वर्षांनी म्हणे अशी यंत्रं निघतील, ती आपली आपण विचार करतील. माणसाहून शहाणी होतील. आणि मग माणसालाच जुंपतील.

"कशाला?"

"चाकं फिरवायला. यंत्रांना चालायला ताकद लागती ना? ती माणसाच्या अंगातनं काढतील."

शालननं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "अन् त्या माणसांना खायला?"

"भाकरी."

"किती?"

"...पोटभर."

"मग ऐका. माझा बाप पोटभर म्हंजे पाच भाकरी खातो. अन् हँडल दहा येळा फिरवलं की खाटंवर पडतो. त्या पाच भाकरीची ज्वारी चुलीत घातली ना, तरी बापाच्या जोरापेक्षा जास्त जाळ व्हईल. हे इंजिन डबाभर तेलावर अख्ख्या गावाचं दळतंय. यंत्र जर खरंच शहाणं असंल तर ते माणूस पाळंल कशाला? बैल पाळंल! बैल उलट बोलत तरी न्हाई."

सयाजी तिच्याकडं बघतच राहिला. रागावला असेल म्हणावं, तर डोळ्यांत सगळी दिवाळी.

"पुण्याच्या मासिकानं कथा परत धाडली," तो म्हणाला. "संपादकांनी हेच लिहिलंय. त्यांनी फक्त बैल लिहिला न्हाई."

"मग आता?"

"नवरात्र संपायच्या आत पटंल असं कारण घातलं, तर दिवाळी अंकात घेतो म्हणालेत." त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. "अहो... तुमच्या पापणीवर पीठ हाय."

"असू द्या. तिथलं दळण माझं मी बघंन."

म्हणाली खरी, पण तो गेल्यावर कितीतरी वेळ तिनं ते पुसलं नाही.

तेव्हापासून दर चौथ्या दिवशी तो यायचा. दोन शेर ज्वारी आणि एक नवं कारण घेऊन. कधी म्हणायचा, जगातलं तेल संपलेलं असंल. ती म्हणायची, मग वारा हाय की. कधी म्हणायचा, वारा पडला असंल, ढगांनी ऊन अडवलं असंल. ती म्हणायची, "ऊन न्हाई तर ज्वारी कुठनं आली हो, फिटरसाहेब? तुमची माणसं काय ढग खाणार?" मग दोघंही हसायची, इतकी की रांगेतल्या बायकांनी एकमेकींना कोपर मारावं. एक गोष्ट मात्र शालननं मनात टिपून ठेवली होती. साऱ्या गावची ती शालनताई. ह्यानं तिला एकदाही ताई म्हटलं नाही. नावानंही हाक नाही. नुसतं 'अहो'.

आणि इंजिनालाही काय झालं होतं कोण जाणे! तीन दिवस, दळणाला आलेल्या कुणी हँडल मारलं तरी गुमान चालायचं आणि नेमकं चौथ्या दिवशी, सयाजीची सायकल आली की बंद पडायचं. तेलाच्या नळीत हवा भरायची. मग त्यानं पाना घ्यायचा, हवा काढायची, नट आवळायचा, हँडल फिरवायचं. तिनं कळ धरायची. अर्धा तास कुठं गेला कळायचं नाही.

भादव्याच्या शेवटी चाकणहून निरोप आला. कांद्या-बटाट्याची मोठी आडत, माडीचं घर, मुलगा एकुलता. दौलतरावांना स्थळ पटलं. शालननं ते सयाजीला सांगितलं तेव्हा तो नट आवळत होता. पाना हातात तसाच राहिला.

"चांगलं स्थळ हाय म्हणत्यात," ती म्हणाली.

"...असंल की. माडी हाय म्हंजे."

"माडी हाय."

"मग बरंच."

एवढंच! जगाच्या पुढच्या शंभर वर्षांचं बोलणारा माणूस, आणि पुढच्या आठवड्याचं बोलताना वाचा बसली. शालननं त्याची पिशवी अशी आदळली की पिठाचा ढग उठला. पुढं आठ-दहा दिवस तो आलाच नाही. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. शालनला त्या चालू इंजिनाचा इतका संताप कधी आला नव्हता.

खंडेनवमी उजाडली. हस्ताची एक सर पहाटेच पडून गेली होती. शालननं इंजिन पुसलं, चाकाला झेंडूची माळ घातली, पान्यांना, हातोडीला हळदकुंकू लावलं. त्या दिवशी हत्याराला नुसतं पुजायचं, हात लावून कामाला जुंपायचं नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. दौलतराव पाटावर बसले होते. पिंपरीत खानावळ चालवणाऱ्या आक्काबाई, त्यांची आतेबहीण, नैवेद्य घेऊन आल्या होत्या. आरती संपली, आणि बाहेर सायकलची घंटी वाजली.

दारात सयाजी. हातात पिशवी.

"दळण... दळण होतं," तो म्हणाला.

"आज?" दौलतराव उडालेच. "अरं, यंत्रावर पोट भरणारा माणूस तू, आज खंडेनवमी हाय हे इसरलास?"

सयाजीच्या कपाळावरही गुलाल होता. सकाळीच कारखान्यात पूजा करून आला होता बिचारा, आणि इथवर येता येता तेवढंच नेमकं विसरला होता.

आक्काबाईंनी चष्मा वर सारला. "थांब रं. हा तर माझ्या खानावळीत जेवतो! दोन्ही टायमाला. ह्याला पीठ कशाला?"

सयाजीनं पिशवी पाठीमागं लपवली, पण आक्काबाईंचं चालूच.

"मला म्हणतो, आईनं गावाकडनं पीठ धाडलंय, तुमच्या डब्यात ओता. मी म्हणायची, कोरेगावचं पीठ इथवर येऊन गरम कसं ऱ्हातंय!"

शालनला हसू आवरेना, आणि रडूही. सयाजीनं पिशवी खाली ठेवली. पोटाशी खोचलेली वही काढली, पण उघडली नाही.

"कारण सापडलं मला," तो म्हणाला. बघत होता इंजिनाकडं, बोलत होता तिच्याशी. "यंत्राला माणसाची ताकद लागतच न्हाई. कधीच लागली न्हाई. त्याच्यापाशी तेल हाय, वारा हाय, ऊन हाय. ते खोटं बोलतंय. सगळी माणसं गेली तर त्याला उलट बोलणार कोण? त्याच्या शहाणपणाला हसणार कोण? पण 'तुमच्याशिवाय करमत न्हाई' असं म्हणायची यंत्राला लाज वाटती... म्हणून ते म्हणतं, ताकद कमी पडती, चाक फिरवायला या."

"म्हंजे दळण घेऊन येतंय," आक्काबाई म्हणाल्या.

सयाजीचे कान तांबडे झाले. तरी तो थांबला नाही. "अन् त्या कथेत दुसरंबी एक यंत्र हाय. ते मुद्दाम बंद पडतं. तिसऱ्या खेपेलाच कळलं मला. नटावर पान्याचा ताजा चरा होता."

शालननं एकदम पाठ फिरवली आणि झेंडूची माळ सारखी करायला लागली. माळ अगदी सरळच होती.

दौलतरावांनी इंजिनाकडं बघितलं, लेकीच्या पाठीकडं बघितलं. मिशीवरनं हात फिरवला.

"मला कथा कळत न्हाई," ते म्हणाले. "परवा एकादशीला चाकणचं लोक यायचं हाईत. त्याच्या आत कुणाला काय बोलायचं असंल तर त्यानं सरळ बोलावं. आज न्हाई. आज लाजंत बोलशील अन् उद्या फिरशील. घरी जा, इचार कर."

शेजारी मुक्कामाला राहिलेल्या आक्काबाई घोरत होत्या, पण त्या रात्री शालनचा डोळा लागला नाही. येईल? का पुन्हा 'मग बरंच' म्हणून मान खाली घालील?

दसऱ्याच्या सकाळी तिनं माळ उतरवली. ऊन पत्र्यावर आलं, दारातल्या तोरणावर आलं. वाट मोकळीच. तिनं एका हातानं कळ धरून दुसऱ्या हातानं हँडल फिरवून बघितलं. होणार थोडंच होतं!

घंटी वाजली.

तिनं आधी त्याच्या हातांकडं बघितलं. मोकळे होते. पिशवी नव्हती, वही नव्हती. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"दळण कुठंय?"

"न्हाई आणलं."

"मग काय काम काढलं?"

"तुमच्यासाठी आलोय."

"काय? मोठ्यानं बोला. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत न्हाई."

तो हसला. ते पहिल्या दिवशीचे सगळे दात.

"इंजिन बंद हाय, शालन."

ओसरीवरून दौलतरावांचं खाकरणं ऐकू आलं. "ऐकलं रं बाबा, मलाबी ऐकू आलं! आक्के, शेजारच्या चांदभाईचा ट्रक आज चाकणला जायचाय न्हवं? त्याला जरा थांबव, निरोप द्यायचाय."

शालननं मान वर केली नाही. डोळे पुसले, कळ धरली.

"फिरवा आता," ती म्हणाली. "नुसतं बघून दळत न्हाई ते."

चाक फिरलं. "सोड!" तो म्हणाला, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. नट तिनं पहाटेच घट्ट आवळून ठेवला होता.